१० टक्के नायसिनमाइड सीरम: कोणाच्या त्वचेला चालेल?

तेलकट त्वचा आणि मुरुमांनंतर राहणारे डाग यांसाठी नायसिनमाइडचं, म्हणजे जीवनसत्त्व बी३च्या एका प्रकाराचं, हे सीरम चांगलं आहे, पण सरसकट सगळ्यांनी घेण्यासारखं नाही. आधी आपली त्वचा ओळखा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, काहीही न लावता तासभर थांबा. कपाळ आणि नाक चमकलं पण गाल ओढल्यासारखे वाटले, तर त्वचा मिश्र. सगळाच चेहरा ताणला गेला, तर कोरडी. अशा त्वचेला १० टक्क्यांची गरजच नसते. २ ते ५ टक्क्यांतही नायसिनमाइड नीट काम करतं. आकडा मोठा म्हणजे परिणाम मोठा, हा समज खरंच सोडायला हवा. प्रमाण जास्त असलं की आग आणि लाली येण्याची शक्यताच वाढते.

पोत पातळ, वास नाही, चिकटपणा किंचित. संपूर्ण चेहऱ्याला ३-४ थेंब पुरतात. जास्त घेतलं किंवा सुकण्याआधी वर सनस्क्रीन चोळलं, की पांढरे कण सुटतात. दोष बहुतेक वेळा घाईचा असतो. मिनिटभर थांबा, मग मॉइश्चरायझर, दिवसा शेवटी सनस्क्रीन.

सुरुवातीला आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून पाहा. त्याच काळात रेटिनॉल (जीवनसत्त्व अ चा प्रकार) किंवा आम्लयुक्त एक्सफोलिएंट (मृत त्वचा काढणारं उत्पादन) नव्याने सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाचा ते कळणार नाही. डागांवरचा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. खाज किंवा पुरळ आली तर मात्र लगेच बंद करा.