पुस्तक ८७ टक्क्यांना संपतं: ई-रीडरवर आठ महिने वायए वाचल्यानंतर

परवा रात्री पुन्हा तेच झालं, म्हणून आठ महिने टाळलेलं हे लिखाण आज एकदाचं उरकतोय. स्क्रीन किती इंची, उजेड किती पिवळा होतो, बॅटरी किती आठवडे जाते हे तुम्हाला माहीत आहे. बॅटरी चांगली आहे. डोळे दुखत नाहीत. पुढे.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे: पुस्तक किती वाचून झालं ते सांगणारा, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातला टक्क्यांचा आकडा.

आधी हे सुरू कसं झालं ते सांगतो. भाची पंधरा वर्षांची. "मामा, तू नुसती जाडजूड चरित्रं वाचतोस, एकदा आमचं वाच," असं म्हणून तिने मला वायए, म्हणजे 'यंग अ‍ॅडल्ट', किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांच्या नादाला लावलं. ती कागदी प्रत वाचते, मी ई-रीडरवर, आणि रविवारी फोनवर भांडायचं असं ठरलं. आजवर एकवीस झाल्या. त्यातल्या चौदा मी तिच्याआधी संपवल्या, ही नोंद खास तिच्यासाठी.

आता परवाचं. एका मालिकेचा दुसरा भाग चालू होता. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की शेवट फुटतो. रात्रीचे साडेबारा, दिवा बंद, यंत्र एका हातात, अंगठा पान उलटायच्या जागेवर. कोपऱ्यात ८७. म्हणजे अजून पन्नासेक पानं शिल्लक, असा माझा हिशोब. नायिकेला कुणीतरी काहीतरी सांगत होतं. म्हटलं, हे प्रकरण संपवू आणि झोपू. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ओळ वाचली आणि अंगठा टेकवला. पुढच्या पानावर ठळक अक्षरांत: लेखिकेशी गप्पा. पहिला प्रश्न, ही कथा तुम्हाला कशी सुचली?

ताडकन उठून बसलो. कादंबरी संपली होती. जिच्यासाठी बाईंनी साडेतीनशे पानं रचली ती ओळ मी 'बघू पुढे काय होतंय' अशा थाटात वाचून टाकली होती. मागे जाऊन पुन्हा वाचली, तीनदा वाचली. विनोद कुणी समजावून सांगितल्यावर जितकं हसू येतं, तितकाच धक्का बसला.

उरलेल्या १३ टक्क्यांत काय होतं म्हणाल, तर ती मुलाखत, चर्चेसाठी बारा प्रश्न, ऋणनिर्देश (त्यात मांजराचेही आभार होते), लेखिकेच्या इतर पुस्तकांची यादी आणि पुढच्या भागाची पहिली दोन प्रकरणं.

भाचीच्या कागदी प्रतीतही हा मागचा पसारा असतोच. पण कागदी पुस्तक हातात आलं की आपण ते आधी मागून चाळतो, गोष्ट कुठे थांबते ते नकळत डोळ्यांखालून जातं, आणि पुढे उजव्या हातातली जाडी त्या हिशोबाने कमी होत जाते. यंत्राला जाडी नाही. त्याच्याकडे फक्त आकडा आहे, आणि तोच फसवा.

'प्रकरणात उरलेला वेळ' दाखवायची सोय आहे, हे कुणी मला शिकवायच्या आत सांगतो. महिनाभर वापरली. प्रकरण संपायला चार मिनिटं आहेत हे कळतं, ते शेवटचं आहे हे कळत नाही.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मदत केंद्राशी चॅटवर चाळीस मिनिटं घालवली होती. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया यंत्र रीस्टार्ट करा." केलं. "कृपया पुस्तक काढून टाका आणि पुन्हा डाउनलोड करा." केलं. त्यात माझ्या अधोरेखित केलेल्या ओळी गेल्या, कारण सिंक बंद होतं. ती चूक माझी, पण त्यांनी आधी विचारायला काय हरकत होती? शेवटी उत्तर आलं की टक्केवारी बरोबरच आहे, ती अख्ख्या फाइलची असते. थोडक्यात, यंत्र खोटं बोलत नाही. मी विचारतोय गोष्ट किती उरली, ते सांगतंय फाइल किती उरली.

बरं, हे अशक्य आहे असंही नाही. ईपब ३ हे ई-पुस्तकांच्या फाइलींचं मानक २०११ साली आलं. त्यात फाइलच्या भागांवर खुणा करायची सोय आहे: हा सुरुवातीचा मजकूर, हा मूळ मजकूर, हा मागचा. प्रकाशकाने खूण करायची आणि यंत्राने ती वाचून मोजायचं, एवढंच काम. इतक्या वर्षांत माझ्या यंत्रावर तरी ते झालेलं दिसत नाही, आणि पुढच्या भागाची दोन प्रकरणं चिकटवायला मात्र कुणी विसरत नाही.

यावरून तीन भाग एकत्र असलेल्या फाइलची कथा ऐका. सुट्या तीन घेण्यापेक्षा एकत्र स्वस्त पडते म्हणून घेतली. पहिला भाग संपला ३१ टक्क्यांना, तेही एक वेळ समजू शकतो. पण त्यानंतर 'दुसऱ्या भागाची झलक' म्हणून एक प्रकरण, आणि ते वाचून पान उलटावं तर दुसरा भाग, सुरुवातीला तेच प्रकरण. एकाच फाइलमध्ये! ज्याने तिन्ही विकत घेतले त्याला झलक कसली दाखवता? सुट्या फाइली जशाच्या तशा एकामागे एक जोडलेल्या. माझे वाचवलेले पैसे या रागात वसूल झाले असं भाची म्हणते.

आता कादंबऱ्यांबद्दल, कारण मत बदललंय. पहिल्या महिन्यात मी वहीत लिहून ठेवलं होतं: "सगळ्या पोरी वर्तमानकाळात बोलतात. मी धावते. मी थांबते. मी श्वास घेते. वैताग." 'द हंगर गेम्स'ची पहिली पन्नास पानं मी दात-ओठ खाऊन वाचली. मग एका रविवारी भाचीला म्हटलं, हे भूतकाळात लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "अरे मामा, 'मी धावले' म्हटलं की ती वाचली हे कळलंच ना तुला. नंतर बसून सांगतेय म्हणजे जिवंत आहे." वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हे मला पंधरा वर्षांच्या मुलीकडून कळलं. वहीतली ओळ खोडली. वैताग अजून येतो, पण आता तो कशासाठी सोसायचा ते माहीत आहे.

आणि शेवट फोडायला टक्केवारीच लागते असंही नाही. व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' मालिकेचे पहिले दोन भाग, २०११ आणि २०१२ चे, एकाच मुलीच्या तोंडून येतात. २०१३ च्या तिसऱ्यात अचानक दोन निवेदक. भाचीचा विसाव्या पानालाच मेसेज: "दुसरा आवाज कशाला लागला असेल?" मी लिहिलं, विविधता म्हणून. नंतर कळलं कशाला लागला ते. त्या रविवारी फोन मीच लवकर ठेवला.

उलट 'द बुक थीफ'मध्ये मी कोपऱ्याकडे बघायचंच विसरलो. तिथे निवेदक साक्षात मृत्यू आहे आणि कोण जाणार हे तो आधीच सांगून मोकळा होतो. सांगूनही ते पान आलं की व्हायचं ते होतंच. 'द आउटसायडर्स' १९६७ ची, एस. ई. हिंटन यांनी शाळेत असतानाच लिहायला घेतलेली. तिचं शेवटचं वाक्य म्हणजे पहिलंच वाक्य पुन्हा. ते वाचून हसू आणि काटा एकदम आला, पण केवळ भाचीने आधी दम दिला होता म्हणून: "मामा, हे शेवटपर्यंत नीट वाच हां." नाहीतर ते वाक्यही माझ्या अंगठ्याखाली गेलं असतं.

प्रेमाचे त्रिकोण, मधल्या भागांचं पाणी घालून वाढवणं, आईबाप कथेतून सोयीस्कर गायब असणं, यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

इथवर लिहून मी मागणी करणार होतो की मागचा सगळा पसारा काढूनच टाका. मागच्या महिन्यापर्यंत माझं तेच मत होतं. गोष्ट संपली की मी फाइल बंद करत असे, सूड म्हणून. मग आम्ही लॉरी हॅल्से अँडरसन यांची १९९९ ची 'स्पीक' वाचली. शाळेतली मुलगी, तिच्यावर अत्याचार झालाय आणि तिची वाचाच जवळजवळ बसली आहे. एवढं बोचरं, कडवट विनोदी आणि तरी अंगावर येणारं लिखाण मी चरित्रांतही क्वचित वाचलंय. रविवारी भाचीने विचारलं, "कविता वाचलीस?" कुठली कविता? "मागे आहे ना."

नंतरच्या आवृत्त्यांत ती आहे. 'लिसन' नावाची. जवळजवळ सगळ्या ओळी वाचकांनी लेखिकेला पाठवलेल्या पत्रांतून घेतलेल्या. माझंही असंच झालं, मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय, या तऱ्हेच्या. मधेच एखादी भलतीच, वयाला शोभेलशी खोडकर. मी ती फाइल बंद करून सूड उगवत होतो, तेव्हा ही कविता त्या न वाचलेल्या टक्क्यांत पडून होती.

फोनवर थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तिने विषय बदलला.

त्या रात्री जुन्या फाइली उघडून सगळी मागची पानं वाचून काढली. बरीचशी कोरडीच निघाली. ते बारा प्रश्न तर शाळेच्या पेपरातले वाटतात. पण एलिझाबेथ वाइन यांच्या २०१२ च्या 'कोड नेम व्हेरिटी'च्या मागे त्यांनी महायुद्धातलं खरं किती, जुळवलेलं किती याचा चोख हिशोब दिलाय. असा हिशोब मला फार आवडतो. तेव्हा मागणी बदलतो: काढू नका. मोजताना वेगळं मोजा. गोष्टीला शंभर टक्के द्या आणि पुढे 'अधिक' लिहा.

तोवरचा उपाय भाचीने शोधलाय, टक्के सोडून प्रकरणं मोजायची. 'हंगर गेम्स'च्या मूळ तिन्ही भागांत बरोबर २७ प्रकरणं, नऊ-नऊचे तीन गट. त्यांच्या लेखिका सुझन कॉलिन्स आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायच्या. तिथली शिस्त असणार असा माझा कयास. एकदा हे कळलं की यंत्र काहीही सांगो, विसावं प्रकरण म्हणजे सात उरली. त्याच भरवशावर २०२० ची पूर्वकथा घेतली, २७ ला श्वास रोखून बसलो, तर पुढे आणखी तीन आणि वर उपसंहार. हे मात्र कंपनीच्या माथी मारता येत नाही.

म्हणून आता नवीन पुस्तक घेतलं की भाची कागदी प्रत चाळते आणि मला एकच ओळ पाठवते. "४१, उपसंहार नाही." "३६ अधिक एक." बाकी अवाक्षर नाही. यंत्राला पाचपैकी साडेतीन, भाचीला पाच.

बाविसावी चालू आहे. भाचीचा मेसेज आहे "५२, उपसंहार नाही". मी ४९ संपवलंय आणि कोपरा ८१ म्हणतोय. फोन बंद करून ठेवतो.