फॅमिलीसर्चवर इंगल्स कुटुंब शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या सुनेचं माहेर अमेरिकेतल्या मिनेसोटाचं. तिच्या खापरपणज्यांचे कागद शोधून देण्याचं मी उत्साहाच्या भरात कबूल केलं. हात बसावा म्हणून आधी एक असं कुटुंब घेतलं ज्याची उत्तरं आधीच माहीत आहेत: लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं माहेर. वडील चार्ल्स, आई कॅरोलाइन, मुली मेरी, लॉरा, कॅरी, ग्रेस. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डकोटा अशी वीस वर्षांची फिरस्ती. शोधणाऱ्याला घाम फोडायला एवढं पुरे.

फॅमिलीसर्च ही पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधायची साइट सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची. त्यांची वंशावळ संस्था 1894 ची आणि मायक्रोफिल्म करण्याचं काम 1938 पासूनचं. खातं उघडायला आणि वापरायला पैसे लागत नाहीत. मला आजवर कुणी धर्मही विचारलेला नाही.

सुरुवात अमेरिकेच्या जनगणनेपासून करावी, पण कोणत्या वर्षी काय विचारलं गेलं ते आधी समजून घ्यावं. 1850 च्या आधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव असायचं, बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यात आकडा होऊन बसायची. 1850 पासून घरातल्या सगळ्या स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसांची नावं येतात, पण कोण कुणाचं कोण हे 1880 पर्यंत लिहिलेलं नसतं. त्यामुळे 1860 किंवा 1870 च्या पानावर कर्त्याच्या खाली दिसलेली बाई बायको, बहीण की वहिनी, हे आपणच ठरवायचं. इंगल्सांच्या घरात तर साटंलोटंच होतं. चार्ल्सने कॅरोलाइन क्वाइनरशी लग्न केलं, त्याच्या भावाने, पीटरने, तिच्या बहिणीशी, एलायझाशी आणि त्याच्या बहिणीने, पॉलीने, तिच्या भावाशी, हेन्रीशी. दोन घराण्यांत तीन लग्नं! साइट आपल्याला ज्या आपोआप सूचना देते, त्यांवर अशा घराबाबत डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 1870 च्या कॅन्ससमधल्या नोंदीने. माँटगोमेरी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), त्यातली रटलँड टाउनशिप. शोधयादीत फक्त नावं आणि वयं दिसतात. मूळ पानांवर मात्र गणना करणाऱ्याने लिहून ठेवलंय की इथली जमीन ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांची आहे, वसलेल्यांकडे तिची मालकी नाही. पुढच्याच वर्षी हे कुटुंब विस्कॉन्सिनला परतलं. ही ओळ शोधयादीत कधीच येत नाही. म्हणून माझा सल्ला एकच: यादीवर थांबू नका, पानाचा फोटो उघडा, मागची-पुढची दोन पानंही वाचा. शेजारच्या घरात पुष्कळदा सासुरवाडी सापडते. आडनावाचं स्पेलिंग गणनेवाला कानाला येईल तसं लिहायचा, तेव्हा शोधताना अधल्यामधल्या अक्षरांच्या जागी तारांकन (*) टाका.

आणि जे पानावर नाहीच त्याचं काय? चार्ल्स-कॅरोलाइनला एक मुलगाही झाला होता, फ्रेडी. जन्म नोव्हेंबर 1875, मृत्यू ऑगस्ट 1876. मिनेसोटाची स्वतःची गणना 1875 मध्ये झाली, पण तेव्हा तो जन्मला नव्हता. 1880 ची झाली तेव्हा तो हयात नव्हता. अशी बाळं 1900 च्या गणनेत अप्रत्यक्षपणे हाती लागतात, कारण तेव्हा आईला मुलं किती झाली आणि त्यांतली किती हयात आहेत हे विचारलं होतं. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे ती मुलं. 1890 च्या गणनेचा बहुतेक भाग 1921 च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेला, त्यामुळे मध्ये वीस वर्षांचं भगदाड आहे.

ते भगदाड जमिनीच्या कागदांनी थोडंफार बुजतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळायची, अट पाच वर्षं राहून कसण्याची. चार्ल्सने डकोटातल्या डी स्मेट गावाजवळ 1880 मध्ये दावा लावला आणि 1886 मध्ये तो सिद्ध केला. मोजणीच्या चौकटीत त्या जमिनीचा पत्ता: सेक्शन 3, टाउनशिप 110, रेंज 56. मोजणीतल्या एका टाउनशिपमध्ये 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला हे तासाभरात जमतं. दाव्याच्या फाइलीत घर केवढं, किती एकर नांगरली, राहायला कधी आले, याच्या साक्षीदारांसह जबान्या असतात. मात्र या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे असतात, तिथून मागवाव्या लागतात.

आता खटकलेलं. इथलं वंशवृक्षाचं झाड सगळ्या जगाचं मिळून एकच आहे आणि कुणीही त्यात बदल करू शकतो. प्रसिद्ध कुटुंबाच्या फांदीवर तर जत्राच भरते. पुराव्याचा कागद जोडलेला नसेल तर तिथलं नातं मी ऐकीव माहिती धरतो. काही फोटो घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. करार ज्यांच्याशी झालाय त्या अभिलेखागारांचीच ही अट असते, त्यामुळे चिडून उपयोग नाही. मध्यंतरी मी एका पैसे घेणाऱ्या साइटची वर्गणीही भरून पाहिली. तिची शोधयंत्रणा अधिक चपळ होती, पण वर्गणी न विचारता पुढे चालू ठेवली गेली आणि ती बंद करायला नाकी नऊ आले.

आपल्याकडच्यांसाठी जाता जाता: हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटोही याच साइटवर आहेत. लिपी वाचता येत असेल तर अवश्य बघा.

2024 पासून आलेला संपूर्ण मजकुराचा शोध मात्र मला सगळ्यात आवडला. हाताने लिहिलेली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं तो वाचतो, नावांच्या यादीपुरता थांबत नाही. जमीन विकताना बायकोला आपला हक्क सोडल्याची सही द्यावी लागायची, त्यामुळे जनगणनेबाहेर न दिसणाऱ्या बायका खरेदीखतांत नावानिशी भेटतात. सुनेच्या खापरपणजीचं नाव अशाच एका खतात मिळालं. माहेरचं आडनाव अजून सापडायचंय, त्यासाठी काउंटीची लग्ननोंदवही उघडून बसलोय.