डेडिकेटेड सर्व्हर सांगून व्हीपीएस गळ्यात मारला, रिसेलरवाल्यांनी पैसे भरायच्या आधी हे वाचून घ्या

रिसेलर होस्टिंगवर (मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घेऊन पुढं वेबसाइटवाल्यांना विकायची) धंदा करणारे नागपुरात भरपूर आहेत, कोणी सीताबर्डीत रिपेअरिंगच्या दुकानासोबत करते, कोणी प्रतापनगरात घरी बसून वेबसाइट बनवते अन् सोबत होस्टिंग विकते. यातल्या ज्यांचे कस्टमर वाढले आहेत अन् जे आता स्वतःचा डेडिकेटेड सर्व्हर (पूर्ण मशीन एकट्यासाठी) घ्यायचा विचार करून राहिले आहेत, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. ज्यानं डेडिकेटेड सांगून आम्हाला व्हीपीएस, म्हणजे एका मशीनचे तुकडे करून दिलेला एक वाटा, विकला त्या माणसाचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे, पण पद्धत पूर्ण सांगतो, कारण हीच पद्धत अजून दोघा-तिघांसोबत झाल्याचं नंतर कळलं.

आमच्याकडे कोचिंग क्लास, दवाखाने, इतवारीतले होलसेलवाले, मंगल कार्यालयं, ताडोबा-पेंचचं सफारी बुकिंग करणारे असे मिळून शंभराच्या वर साइट झाल्या होत्या. रिसेलर अकाउंटमध्ये रूट अ‍ॅक्सेस (सर्व्हरचा पूर्ण ताबा) नसते, कोणाला पीएचपीचं वेगळं सेटिंग पाहिजे असलं तरी तिकीट टाका अन् वाट पाहा, एका साइटवर रिझल्टच्या दिवशी गर्दी झाली की सीपीयूची लिमिट लागून साइट बसते, अन् सगळ्यात वाईट म्हणजे त्याच आयपीवरचा (सर्व्हरच्या पत्त्यावरचा) भलताच कोणी स्पॅम पाठवते अन् ब्लॅकलिस्ट आपण होतो, मग डॉक्टर फोन करून विचारतात की पेशंटला मेल काऊन जात नाही. वरून सीपॅनेलनं, म्हणजे साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं, २०१९ पासून अकाउंट मोजून पैसे घ्यायला सुरुवात केली, शंभरच्या वर गेलं की दर अकाउंटमागे वेगळे पैसे, तो भार रिसेलरवरच येते. म्हणून डेडिकेटेडवर जायचं ठरवलं, तो निर्णय बरोबरच होता, आजही तेच म्हणतो.

हा माणूस ओळखीतूनच आला, एका कॉम्प्युटर डीलरनं नंबर दिला होता. बोलायला एकदम गोड, आपल्याच बोलीत. "भाऊ, नवी मुंबईत आपला स्वतःचा रॅक आहे, झिऑन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी रेड वनमध्ये, सीपॅनेल फ्री, रोजचा बॅकअप, सगळं मॅनेज्ड. तुम्ही फक्त कस्टमर आणा जी, बाकी आपण पाहून घेऊ." रेट बाजाराच्या जवळपास अर्धा, तोही वर्षाचे पैसे एकदम भरले तर. कोटेशन लेटरहेडवर, जीएसटी नंबर टाकलेला, रॅकचे फोटो, आधीच्या कस्टमरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं जागच्या जागी. पेमेंट मात्र करंट अकाउंटला नाही, यूपीआयवर कोणा तिसऱ्याच्याच नावावर, "कंपनीच्या खात्याचं व्हेरिफिकेशन चालू आहे, बिल मागून देतो".

इथं थांबून एक हिशोब सांगतो. एका सीपॅनेल लायसन्सचेच महिन्याला डॉलरमध्ये भरायचे ते काही हजार रुपये होतात. खरं मशीन, वीज, बँडविड्थ, आयपी अन् लायसन्स, एवढं सगळं कोणी अर्ध्या भावात देत असेल तर यातलं काहीतरी खोटं असणारच. आमच्या केसमध्ये जवळपास सगळंच खोटं निघालं.

सुरुवातीला मस्त चाललं. डीएनएसमधला (साइटच्या नावावरून सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, आधीच कमी करून ठेवला, रात्री सीपॅनेलचे फुल बॅकअप काढून तिकडं रिस्टोअर केले, नेमसर्व्हर वळवले, सकाळी सगळ्यांच्या साइट चालू, कोणाला पत्ता नाही. नंतर संध्याकाळच्या टायमाला सर्व्हर संथ व्हायला लागला. आमचा लोड तर काहीच नव्हता. टॉप कमांडमध्ये पाहिलं तर एसटी नावाचा आकडा कधी तीस, कधी चाळीस टक्के. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा स्टील टाइम असते, म्हणजे तुमच्या मशीनला सीपीयू पाहिजे होता पण खालच्या खऱ्या मशीननं तो दुसऱ्या कोणाला दिला. खऱ्या डेडिकेटेडवर हा आकडा शून्यच असते, कारण तिथं वाटून घ्यायला दुसरं कोणी नसतेच.

मग मिहानमध्ये एका कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन असलेल्या मित्राला घरी बोलावलं. त्यानं पहिले एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवलं. वर प्रोसेसरचं नाव झिऑनच दिसते, अन् त्यामुळंच माणूस निर्धास्त होते, स्क्रीनशॉटमध्येही विकणाऱ्यानं तेवढाच भाग दाखवला होता. खाली हायपरवायझर व्हेंडर म्हणून एक ओळ होती, तिच्यापुढं केव्हीएम, म्हणजे एका मशीनचे व्हर्च्युअल तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर. खऱ्या मशीनवर ती ओळच येत नाही. मग सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट (मशीन व्हर्च्युअल आहे का ते सांगणारी कमांड), त्याचंही उत्तर केव्हीएम. डीएमआयडीकोडमध्ये बनवणाऱ्याचं नाव डेल, एचपी, सुपरमायक्रो असं काहीतरी पाहिजे होतं, तिथं क्यूईएमयू लिहिलेलं, तेही व्हर्च्युअल मशीनचंच नाव. डिस्क एकच, ती पण व्हर्च्युअल, डिस्क तपासणाऱ्या स्मार्टसीटीएलला ना तिचा सिरियल नंबर सापडे ना किती तास चालली ते. मित्र म्हणे, "हे डेडिकेटेड नाही बे, साधा व्हीपीएस आहे, तुला पूर्ण फ्लॅटचे पैसे घेऊन पेइंग गेस्टची खाट दिली त्यानं."

तेवढ्यावर मी थांबलो असतो तर कदाचित पैशाचाच विषय राहिला असता. पण मित्रानं अजून खोदलं. आयपीचा मालक व्हूइजमध्ये (आयपी कोणाच्या नावावर ते दाखवणारा रेकॉर्ड) पाहिला तर बाहेरच्या देशातली एक होस्टिंग कंपनी, म्हणजे नवी मुंबईचा रॅक वगैरे काहीच नाही, त्या कंपनीकडून हा माणूस व्हीपीएस घेऊन आम्हाला विकून राहिला होता. सीपॅनेलच्या स्वतःच्या व्हेरिफाय पानावर आमचा आयपी टाकला तर त्यावर लायसन्सच नाही. म्हणजे क्रॅक केलेलं, ज्याला हे लोक शेअर्ड लायसन्स म्हणतात. हे फक्त चोरीचं आहे म्हणून वाईट असं नाही. त्यासाठी कुठून तरी एक स्क्रिप्ट रूटवर चालवतात, ती सीपॅनेलच्या फाइल बदलते अन् क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) परत परत स्वतःला अपडेट करत राहते, म्हणजे कोण कुठला माणूस तुमच्या सगळ्या कस्टमरच्या डेटावर रूट म्हणून बसलेला असते. रूटच्या ऑथराइज्ड कीजमध्ये (पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या चाव्यांची यादी) एक अनोळखी की सापडली, काढली, दुसऱ्या दिवशी परत हजर. ओएस होतं सेंटओएस ७, ज्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, त्यानंतर सिक्युरिटी अपडेट येतच नाही. अन् याचे आमच्याकडून मॅनेज्ड म्हणून पैसे घेतलेले. रोजचा बॅकअप होता खरा, पण त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये. डिस्क गेली की बॅकअपही गेला.

फोन केला तर आवाजात फरक नाही. "भाऊ, ते क्लाऊड डेडिकेटेड आहे, नवीन टेक्नॉलॉजी आहे, तुमच्या मित्राला माहीत नसन." मी म्हटलं, मग आयपीएमआयचं (खऱ्या मशीनला दुरून चालू-बंद करायची सोय) लॉगिन द्या. तर म्हणे, "सिक्युरिटीमुळं डेटा सेंटरवाले देत नाहीत जी." लायसन्सचं विचारलं तर म्हणे पार्टनर लायसन्स आहे, तुमच्या आयपीवर नाही दिसणार. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

आम्ही शांतपणे निघायची तयारी करून राहिलो तेवढ्यात, एका सोमवारी सकाळी सर्व्हर बंद. कोचिंगवाल्याची टेस्ट सिरीज, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, सगळ्यांचे फोन एकाच वेळी. त्याचं म्हणणं असं की वरच्या कंपनीनं रेट वाढवला, फरकाचे पैसे टाका, तासाभरात चालू करतो. वर्षाचे पैसे आधीच घेतलेले आहेत हे विसरू नका. मी त्या बाहेरच्या कंपनीला सरळ मेल केला. त्यांचं उत्तर सभ्य होतं: अकाउंट ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच आम्ही बोलू. अन् त्यांचं चूक म्हणता येत नाही, उद्या माझ्या सर्व्हरबद्दल कोणी तिसऱ्यानं मेल केला तर मलाही हेच उत्तर पाहिजे. पण त्यातूनच कळते की खरा दगा कुठं होता. व्हीपीएस की डेडिकेटेड हा नंतरचा प्रश्न झाला. मशीन त्याच्या नावावर, आयपी त्याच्या नावावर, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव दाखवणारी नोंद) त्याच्या हातात, लायसन्स कोणाच्याच नावावर नाही, अन् आमच्याकडे फक्त एक पासवर्ड. कस्टमरचा विश्वास मात्र आमच्या नावावर.

वाचलो दोन गोष्टींमुळं. डोमेनचं रजिस्ट्रार अकाउंट (जिथं साइटचं नाव नोंदवतात ते) आमचंच होतं, त्यानं फार गोड बोलून ते पण मागितलं होतं, "डोमेन पण इकडंच मूव्ह करा भाऊ, एकाच जागी राहीन", ते दिलं नाही. अन् आठवड्याचा बॅकअप मी ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर ओढून घेत होतो. एका मोठ्या कंपनीकडून सरळ आपल्या नावावर, आपल्या कार्डावर सर्व्हर घेतला, अल्मालिनक्स ही ओएस टाकली, लायसन्स ओरिजिनल, रात्रभर रिस्टोअर चालू होतं. नेमसर्व्हरचे आयपी रजिस्ट्रारकडं बदलले अन् दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बऱ्याच साइट उठल्या. मधल्या दिवसांचे मेल अन् बुकिंगच्या एंट्री गेल्या त्या गेल्याच. ज्यांचं आउटलुक पॉपवर होतं त्यांचे मेल त्यांच्या कॉम्प्युटरमध्येच सापडले, आयमॅपवाले, ज्यांचे मेल सर्व्हरवरच राहतात, ते बिचारे जास्त अडकले. एक सफारीवाला त्यानंतर सोडून गेला, त्याला काय बोलणार. अन् रूट दुसऱ्याच्या हातात होतं म्हटल्यावर सगळ्यांचे पासवर्ड, डेटाबेसचे पासवर्ड, वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनचे, एकूणएक बदलावे लागले, ते काम सर्व्हर उभा करण्यापेक्षा किचकट होतं.

तक्रारीचं सांगतो. १९३० या हेल्पलाइनवर फोन अन् सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, दोन्ही केलं. १९३० चा खरा फायदा पैसे गेल्याबरोबर फोन केला तर होते, तेव्हा समोरच्याच्या खात्यातली रक्कम थांबवता येते, आमच्या पैशाला तोपर्यंत पाय फुटले होते. सायबर पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न हाच आला की सर्व्हर तर दिला ना त्यानं, मग हे सर्व्हिसचं भांडण आहे. तिथं कोटेशन, खऱ्या कमांडचे आउटपुट, आयपीच्या मालकाचा रेकॉर्ड अन् लायसन्सच्या पानाची प्रिंट एकत्र ठेवली तेव्हा साहेबांनी नीट वाचलं. तेव्हा प्रिंटा आधीच काढून ठेवा, सर्व्हर एकदा बंद झाला की कमांड कुठं चालवणार? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे ज्याला सगळे अजून चारशेवीस म्हणतात ते, लागू होते का यावर चौकशी चालू आहे. कोटेशनवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला निघाला, अन् तोही दुसऱ्याच फर्मचा. ग्राहक आयोगात जायचं तर कमर्शियल वापराचा मुद्दा समोरचा काढणार असं वकिलांनी सांगितलं, म्हणून ते अजून ठेवलंय.

अजून एक गोष्ट. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार डेटा सेंटर अन् व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी ही माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणून खरा प्रोव्हायडर तुम्हाला कागदपत्रं मागून वैताग आणते. यानं आमच्याकडून व्हॉट्सअ‍ॅप नंबर सोडून काहीच मागितलं नव्हतं, अन् तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.

मागच्या महिन्यात अमरावतीच्या एका पोट्ट्याचा फोन आला, कोणीतरी माझा नंबर दिला होता. त्याच्याकडं तसंच कोटेशन, कंपनीचं नाव वेगळं, यूपीआय आयडी मात्र तोच. मी म्हटलं पैसे नको टाकू, आधी एक महिन्याचंच बिल माग, कंपनीच्या करंट अकाउंटला भरतो म्हण, अन् आजच्या आज एका तासासाठी आयपीएमआय उघडून दे म्हण. त्यानं मेसेज टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं, "सिक्युरिटीमुळं देता येत नाही जी, पण संध्याकाळपर्यंत वर्षाचं पेमेंट केलं तर दोन महिने फ्री." पोट्ट्यानं तो स्क्रीनशॉट मला पाठवला, मी तपास अधिकाऱ्यांना दिला, तो आता फाइलमध्ये लागला आहे.