बैलघोडा की महालक्ष्मी?

मुंबईत कुत्रा-मांजर आजारी पडलं की हल्ली दोन नावं हमखास निघतात. एक परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा. दुसरं २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल.

बैलघोड्याला घोडा, गाय, जखमी कबूतर, सगळेच येतात. आवारातच १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांच्या हाताखालून नाना तऱ्हेच्या केसेस जातात. गोचीडताप, खरूज, लसी यांसाठी मी बेधडक परळ सांगेन. खर्चही खिशाला झेपतो. गर्दीत कुत्री भुंकायला लागली की मांजर मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतं. जाळीवर टॉवेल टाका, बराच फरक पडतो.

गुंतागुंतीचं दुखणं असेल तर महालक्ष्मी. बोक्याची लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला म्हणजे सुटलो असं नसतं. पुढे सलाईन, पुन्हा पुन्हा रक्ततपासणी, रात्रभर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. अशा वेळी चोवीस तास डॉक्टर आणि आयसीयू असलेली जागाच हवी. खर्च जास्त येतो, म्हणून दाखल करतानाच लेखी अंदाज मागा. त्यात संकोच कसला?

बोका त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय, थेंबही येत नाही, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. जुने रिपोर्ट उचला आणि निघा.