डब्याच्या वेळी वर्ग पाहा: विशेष गरज असलेल्या मुलासाठी अंगणवाडी, नर्सरी की विशेष शाळा?

मूल तीन वर्षांचं होत आलंय. अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा हाक मारली तरी वळत नाही, किंवा पाय ताठ असल्यामुळे बसायला आधार लागतो. डॉक्टरांच्या फाइलवर 'विकासात्मक विलंब', 'ऑटिझम' (स्वमग्नता), 'सेरेब्रल पाल्सी' (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), 'श्रवणदोष' यांपैकी काहीतरी लिहिलंय. आणि जूनच्या आत ठरवायचंय की गल्लीतली अंगणवाडी, राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कातली खासगी नर्सरी, की थेट विशेष शाळा. कोल्हापुरात तिन्ही वाटा आहेत.

आमचं मत आधीच सांगतो. मूल चालत असेल किंवा आधाराने बसत असेल आणि इतर मुलांकडे थोडं तरी लक्ष देत असेल, तर घराजवळचा साधा वर्ग आणि जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी हीच व्यवस्था बहुतेक मुलांना जास्त लाभते. काही मुलांसाठी विशेष शाळाच पहिल्या दिवसापासून योग्य असते; त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे. नुकसान होतं ते 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप पण पाच वर्षांचा झाल्यावर बोलला' म्हणत वर्ष घालवल्याने. ऐकू कमी येणाऱ्या मुलाचं असं एक वर्ष गेलं, की भाषेतली ती तूट भरायला पुढची कित्येक वर्षं लागतात.

अंगणवाडी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं हे केंद्र. एक सेविका, एक मदतनीस, ३ ते ६ वर्षांची मुलं आणि पूरक आहार. फी नाही. वस्तीतलीच मुलं, घरात बोलतो तीच मराठी, आणि चालत जाण्याइतकं अंतर. बोलण्यात मागे असलेल्या मुलासाठी यातली भाषेची बाब फार मोठी आहे. सकाळी अंगणवाडीत ऐकलेला 'चेंडू' संध्याकाळी घरीही 'चेंडू'च असतो.

आणखी एक फायदा पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब असे चार गट त्यात पाहिले जातात, आणि गरज असेल तर पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळते. पथक कधी येणार ते सेविकाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. मुलाला घरी काय जमतं आणि काय नाही, ते पथकाला तुमच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही आणली. लवकर ओळख, इतर मुलांबरोबर सामावून घेणं, कुटुंबाला आधार आणि पुढे पाठवणी हे तिचे भाग. तेव्हा 'असं मूल आमच्याकडे नको' हे उत्तर अंगणवाडीत मान्य करू नका.

मर्यादाही खऱ्या आहेत. वजन-उंची, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरच्या नोंदी, घरभेटी आणि लसीकरणाचा दिवस, सगळं एकाच सेविकेच्या अंगावर असतं. शहरातल्या अनेक अंगणवाड्या एकाच खोलीत भरतात. छत पत्र्याचं असेल तर जुलैच्या पावसात आतला आवाज ऑटिझम असलेल्या मुलाला सहन होत नाही, आणि श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. सेविकेकडून थेरपीची अपेक्षा धरू नका. तिला तीनच गोष्टी सांगा, त्या कागदावर लिहून द्या आणि आठवड्याने विचारा. दहा सांगितल्या तर एकही होत नाही.

खासगी नर्सरी

इथे खोली मोठी, खेळणी जास्त, स्वच्छतागृह बहुधा बरं. वर्गात २०-२५ मुलं, एक बाई, एक मावशी. फलकावर 'इन्क्लुझिव्ह' असेल तर एकच प्रश्न विचारा: 'सध्या किती विशेष मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठी तुम्ही वर्गात काय बदललंत?' दुसऱ्या भागाचं नेमकं उत्तर आलं पाहिजे. 'आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो' हे चांगुलपणाचं वाटतं, पण त्याचा अर्थ काहीच बदललेलं नाही असा होतो.

नर्सरीत बिघडतं ते मुख्यतः लिखाणावर. साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत अक्षरं गिरवायला बसवतात. बोटांची पकड कच्ची असलेलं मूल पेन्सिल टाकतं, उठून पळतं, आणि डायरीत 'बसत नाही' असा शेरा येतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. हे बाईंना आदराने पण स्पष्ट सांगा, आणि त्या वेळात मुलाला कणकेचा गोळा, चिमटा आणि मणी द्यायला सुचवा. पेन्सिलीची पकड त्यातूनच तयार होते.

दुसरी अडचण इंग्रजीची. दोन भाषा ऐकल्यामुळे बोलणं उशिरा येत नाही, ही भीती काढून टाका. पण मराठीतली साधी सूचनाही अजून न कळणाऱ्या मुलाला दिवसभराच्या सूचना फक्त इंग्रजीत मिळाल्या, तर ते ऐकणंच सोडून देतं. बाई 'सिट डाऊन'च्या जोडीला हाताची खूण करून 'बस' म्हणायला तयार असतील तर माध्यम आड येत नाही.

सावली शिक्षिका, म्हणजे मुलासोबत बसणारी मदतनीस, काही नर्सऱ्या पालकांच्या खर्चाने ठेवायला लावतात. ती मुलाला चिकटून बसली तर मूल फक्त तिच्याशीच बोलतं आणि बाई त्याच्याकडे बघणं सोडतात. म्हणून तिला बाजूला नेण्याचं वेळापत्रक आधीच ठरवा: पहिला महिना शेजारी, दुसरा महिना हातभर मागे, तिसऱ्या महिन्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हाक आली तरच जवळ. आईने वर्गात बसणं एक-दोन आठवडे ठीक. वर्षभराची ती अट असेल तर त्या शाळेने मुलाला खऱ्या अर्थाने प्रवेशच दिलेला नाही.

विशेष शाळा

शेंडा पार्कातली चेतना अपंगमती विकास संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते. उचगावची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली संस्था अस्थिव्यंग असलेल्यांसाठी ओळखली जाते. अशा ठिकाणी मूल वेगळं म्हणून कोणी वळून पाहत नाही. लंगोट बदलायला, भरवायला, फिट आली तर काय करायचं ते जाणणारी माणसं असतात. विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागितल्यास कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. खासगी थेरपी केंद्रातही तो मागा.

दोन गोष्टी तपासा. लहान वयाचा वर्ग आहे का? बऱ्याच विशेष शाळांचा नियमित वर्ग साधारण सहाव्या वर्षापासून सुरू होतो. आणि गाडीत किती वेळ जातो? तीन वर्षांचं मूल एका बाजूला पाऊण तास व्हॅनमध्ये बसलं तर पोहोचेपर्यंत थकलेलं असतं. तिसरी उणीव या रचनेतच आहे. भोवती बोलणारी, भांडणारी, खेळणं हिसकावणारी मुलं कमी असतात, आणि नक्कल करायला मुलांना तीच लागतात.

तरीही तीन प्रकारच्या मुलांसाठी आम्ही विशेष व्यवस्थाच आधी सुचवू. ज्याला तीव्र श्रवणदोष आहे आणि यंत्र लावूनही बोलणं उमगत नाही, त्याला खुणांची किंवा श्रवण-प्रशिक्षणाची भाषा रोज भेटली पाहिजे. ज्याला वारंवार फिट येतात आणि औषध अजून बसलेलं नाही. आणि जे मूल स्वतःला इजा करून घेतं, किंवा गिळताना ज्याला वारंवार ठसका लागतो. एक-दीड वर्षाने साध्या वर्गात येण्याची वाट यांनाही मोकळी असते.

वर्ग कधी पाहायचा

पाहणीला बोलावतात ते प्रार्थनेला किंवा गाण्याच्या तासाला. त्या वेळी कुठलाही वर्ग छान दिसतो. तुम्ही डब्याच्या वेळी जा, दहा मिनिटं आधी पोहोचा आणि संपेपर्यंत थांबा. खेळ थांबवणं, रांग, हात धुणं, डबा उघडणं, सांडणं, शौचाला जाणं हे सगळं त्या अर्ध्या तासात येतं. विशेष गरजेचं मूल कोलमडतं ते अशा बदलांच्या वेळी, कारण पुढे काय होणार ते त्याला कळत नाही.

खेळ संपायच्या आधी बाई सूचना देतात का? एका वेळी एकच सूचना देऊन पाच-दहा सेकंद वाट पाहतात, की लगेच तेच मोठ्याने पुन्हा सांगतात? डबा उघडता न येणाऱ्या मुलाचा डबा मावशी लगेच उघडून देतात, की त्याने मागायची वाट बघतात? या शेवटच्या प्रश्नावरून वर्ग ओळखता येतो. रोज एकदा मागण्याची संधी मिळणारं मूल वर्षात दोनशेहून जास्त वेळा मागायला शिकतं.

भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक असेल तर ते मुलाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर हवं. बहुतेक ठिकाणी ते मोठ्यांच्या उंचीवर शोभेसाठी टांगलेलं असतं. नसेल तर तुम्ही करून देऊ शकता: त्याच वर्गाचे, त्याच नळाचे, त्याच घसरगुंडीचे पाच-सहा फोटो, लॅमिनेट केलेले, मागे वेल्क्रो. एक काम झालं की मुलाने ते चित्र काढून खोक्यात टाकायचं. इंटरनेटवरची चित्रं वापरू नका. चित्रातला नळ आणि आपला नळ एकच, हे लहान मुलाला उमगतंच असं नाही.

खुर्ची बघा. ३-४ वर्षांच्या मुलासाठी बैठकीची उंची सुमारे २६ सेंमी आणि टेबल सुमारे ४६ सेंमी लागतं. पाय लोंबकळले की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे हात कामाचे राहत नाहीत, सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली घरातला पाट सरकवला तरी फरक दिसतो. दारात ६ इंचांची पायरी असेल तर उतार ६ फूट लांब हवा, म्हणजे १ ला १२. त्याहून आखूड उतारावर चाकाची खुर्ची मागे पलटते.

श्रवणयंत्र असेल तर वर्ग भरताच बाईंनी मुलाच्या मागे एक मीटरवर उभं राहून 'आ, ई, ऊ, म, श, स' असे सहा आवाज काढायचे आणि मूल प्रत्येकाला प्रतिसाद देतं का ते पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण सेल संपलेला त्याच दिवशी कळतो. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कोल्हापूरच्या दमट हवेत ते बिघडायला वेळ लागत नाही. फिट येणाऱ्या मुलासाठी लेखी सूचना द्या: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांहून जास्त चालली तर १०८.

कागद आणि पैसे

ऑटिझमची शंका असली तरी श्रवणचाचणी आधी करा. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून सीपीआर रुग्णालयात चौकशी करा. पाच वर्षांखालच्या मुलाला 'बौद्धिक अक्षमता' असं न लिहिता विकासात्मक विलंबाचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, पुढे फेरतपासणी होते. कपाळावर कायमचा शिक्का बसेल म्हणून बरेच पालक ते टाळतात आणि सवलती गमावतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांत दिव्यांग मूल वंचित घटकात येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, पण किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पहिलीचा वर्ग नसलेली स्वतंत्र नर्सरी या जागांत येत नाही. म्हणून नर्सरी निवडताना पुढे पहिली कुठे, ते आत्ताच विचारा. महापालिकेच्या शाळांत गुढीपाडव्याला प्रवेशाची लगबग असते, तेव्हाच मुख्याध्यापकांना भेटून घ्या.

खर्च वर्षाचा काढा: फी, व्हॅन, मदतनीस, आणि थेरपीचा दर गुणिले आठवड्यातले तास गुणिले वर्षाचे ४८ आठवडे. महागड्या नर्सरीपायी थेरपी आठवड्याला एका तासावर आली, असं बऱ्याच घरांत होतं. आम्ही उलट करू: फी नसलेली अंगणवाडी आणि वाचलेल्या पैशांत आठवड्याला तीन तास वाक्-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी (हातांची आणि रोजची कामं जमण्यासाठीचा उपचार).

प्रवेशानंतर

तीन महिन्यांसाठी तीनच उद्दिष्टं लिहून घ्या, आणि अशी की मोजता येतील. 'समाजात मिसळेल' हे मोजता येत नाही. 'डबा उघडायला मदत हवी असेल तर चित्र देऊन मागेल, पाचपैकी चार वेळा' हे मोजता येतं. गणपतीनंतर आढावा घ्या. बदल हवा असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा मुहूर्त सोपा पडतो. डॉल्बीच्या दिवसांत मूल चिडचिडं असेल तर त्या आठवड्यावरून वर्गाला नापास करू नका.

पहिल्या दिवशी बाईंच्या हातात एक पान द्या, फोटोसह. मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, भूक लागली की काय करतो, कोणत्या आवाजाला कान झाकतो, रडू लागला तर जवळ घ्यायचं की थोडं लांब राहायचं. आणि शू लागल्यावर तो कुठे हात नेतो किंवा कोणता आवाज काढतो, हे सर्वांत वर, ठळक अक्षरांत.