कॉलेजचं पेपर शोधायचं पान: वर्षभर वापरल्यावर

आमच्या सांगलीतल्या कॉलेजने गेल्या जूनमध्ये लायब्ररीच्या वेबसाइटवर शोधनिबंध शोधण्यासाठी स्वतःचं पान सुरू केलं. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून ते बनवलं, आता लायब्ररियन मॅडम सांभाळतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हळदीच्या कंदकुजीवर पीएचडी चालू आहे, म्हणजे या पानाची रोजची गिऱ्हाईक. दुसऱ्या कॉलेजांतले ओळखीचे प्राध्यापक ‘आपणही असं करावं का’ म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

यातली मूळ माहिती ओपनॲलेक्सची, म्हणजे जगभरच्या शोधनिबंधांच्या खुल्या सूचीची आहे. मायक्रोसॉफ्ट ॲकॅडेमिक ही तशीच सोय २०२१च्या शेवटी बंद झाली, त्यानंतर लगेच २०२२च्या जानेवारीत हे सुरू झालं. डेटा मोफत आणि कुणालाही वापरता येतो, त्यामुळे कॉलेजचा पैसा माहिती विकत घेण्यात गेला नाही. त्यात आमच्या एम.एस्सी.च्या जुन्या प्रबंधिकांची भर घातली आहे. गूगल स्कॉलर २००४पासून असताना हा खटाटोप कशाला, हे मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं. पेपरचं नाव माहीत असेल तर स्कॉलरसारखं दुसरं काही नाही, नाव टाका आणि मोकळे व्हा. पण या विषयात काय काय झालंय हे चाचपायचं असतं, तेव्हा विषयानुसार गाळायची सोय तिथे नाही आणि एका शोधाचे हजारापुढचे निकाल दिसत नाहीत. टर्मरिक टाकलं की औषधशास्त्राचा पूर येतो, शेतातली हळद त्यात बुडून जाते. आमच्या पानावर ‘शेती व वनस्पती’ एवढी एक खूण केली की तो पूर ओसरतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट निकालाच्या मांडणीत आहे. नाव, लेखक, जर्नल, वर्ष, खाली आपला शब्द ठळक केलेल्या दोन ओळी, आणि उजवीकडे तीनपैकी एक शिक्का: ‘पूर्ण मोफत’, ‘कॉलेज लॉगिनवर’ किंवा ‘फक्त सारांश’. हळदीच्या सौद्यात पोत्यातला नमुना हातात घेऊन मगच बोली लावतात, तसं क्लिक करण्याआधी हातात काय पडणार ते कळतं. पूर्वी पाच दुवे उघडायचे आणि चार ठिकाणी डॉलरमधली किंमत बघून परत यायचं. सरकारी खर्चाने जर्नल्स वाचायला देणारी ‘एक देश एक सदस्यता’ योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला मंजूर केली, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स तिच्यात आहेत. तरी यातलं नेमकं काय आपल्या लॉगिनवर उघडतं हे विद्यार्थ्याला कुठे तरी लिहून मिळायला हवं ना? ते त्या शिक्क्यात मिळतं.

चुका किंवा गैरप्रकार निघाल्यामुळे जर्नलने मागे घेतलेल्या पेपरवर लाल पट्टी येते, हेही फार कामाचं. अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची यादी क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेने २०२३मध्ये घेतली आणि सगळ्यांना खुली केली, त्यामुळे ही सोय करणं आता अवघड राहिलेलं नाही. कर्क्युमिनवरचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावरचे, मागे घेतलेले पेपर थोडेथोडके नाहीत, आणि मुलं तेच बिनधास्त संदर्भात लावत होती.

आता शोधाबद्दल. चौकटीखाली एक ओळ येते, ‘आम्ही हे शोधलं’. टर्मरिक टाकलं की त्या ओळीत टर्मरिक, हळद, कर्कुमा लाँगा, कर्कुमा डोमेस्टिका असे तुकडे दिसतात, प्रत्येकाला काढून टाकायची फुली. लाँगा हे हळदीचं शास्त्रीय नाव, डोमेस्टिका हे त्याच झाडाचं जुनं नाव. ते धरलं नाही तर जुन्या काळचं बरंच काम हुकतं. कंदकुजीचंही तसंच, कुणी ऱ्हायझोम रॉट लिहितं, कुणी सॉफ्ट रॉट, कुणी नुसतं रोगजंतूचं नाव, पिथियम ॲफॅनिडर्मेटम. ही समानार्थी शब्दांची यादी आमच्या विभागाने बसून करून दिली. कल्पना मात्र पबमेडची, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या अमेरिकी साइटची. तिथे टर्मरिक टाकलं की ‘कर्कुमा’ या विषयशब्दाखालीही आपोआप शोध होतो, आणि ॲडव्हान्स्ड पानावर तपशील उघडला की आपल्या शब्दाचं काय काय झालं ते सगळं वाचता येतं. फरक इतकाच की तिथे ते आत जाऊन बघावं लागतं, इथे डोळ्यासमोर आहे. माझ्या मते शोधपान चांगलं की वाईट हे इथेच ठरतं. माझ्या शब्दाचं तू काय केलंस आणि माझ्यापासून काय लपवलंस, एवढं सांग. रंग, गोल कोपरे, लोगो नंतर बघू.

आणि नेमकं यातच हे पान पहिले काही महिने नापास होतं. ‘गेली १० वर्षं’ हा फिल्टर आधीपासून लावलेला होता, आणि तो लावलाय हे कुठेच दिसत नव्हतं. नवीन ते वर यावं असा हेतू असेल. पण एका विद्यार्थिनीने अहवालात सरळ लिहिलं की त्याआधी या विषयावर काम झालेलंच नाही. तिचा काय दोष? पानाने तिला तेच सांगितलं होतं. हळदीच्या बाबतीत तर जुना पेपर म्हणजे काय चीज असते हे आपल्याला चांगलं माहीत आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला दिलं. डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, हे ज्ञान जुनंच आहे हे दाखवायला ३२ संदर्भ पुढे केले, त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३चा पेपर होता. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. आमच्या त्या फिल्टरमागे १९५३ कायमचं गाडलं गेलं असतं. तक्रारी झाल्यावर आता वर पिवळी पट्टी येते: अमुक वर्षाआधीचे इतके पेपर लपवले आहेत, दाखवायचे का? फिल्टर मुळातच नको होता असं माझं मत अजून आहे, पण पट्टीवर तडजोड झाली.

मराठी शोधाची गोष्ट रडकी आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या आमच्या प्रबंधिका श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांत टाइप केलेल्या. डोळ्याला मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. ‘हळद’ टाकून त्या जन्मात सापडणार नाहीत. मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीत शीर्षकं आणि सारांश हाताने टाइप करून घेतले, तेव्हा कुठे हरिपूरच्या पेवांवरचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवरचं जुनं काम वर आलं. २००५च्या पुरात ती पेवं खराब झाली, त्यामुळे त्याआधीची साठवणीची निरीक्षणं मला सोन्याहून मोलाची.

तरी विभक्तीचा घोळ उरलाच. ‘पेव’ टाकलं तर ‘पेवांतील’ येत नाही, ‘हळद’ला ‘हळदीवरील’ चालत नाही. शब्दापुढे तारा टाकला की येतं, म्हणजे हळद*. मात्र ‘शेतकरी’ला तारा टाकून उपयोग नाही, कारण ‘शेतकऱ्यांचा’मध्ये अक्षरच बदलतं. तिथे ‘शेतक*’ असं तोडावं लागतं. हे पानावर कुठेही लिहिलेलं नाही, मी वर्गात फळ्यावर लिहून देते. शब्दाचं मूळ ओळखून शोधायची सोय ‘पुढच्या बॅचला’ असं उत्तर मिळालंय.

मोबाइलवर बरं चालतं, आणि आमची बहुतेक मुलं मोबाइलवरच असतात. शोधाचा दुवा जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर पाठवता येतो, समोरच्याला फिल्टरसकट तेच निकाल दिसतात. गाईडना कोल्हापूरला असा दुवा पाठवला की फोनवरचं निम्मं बोलणं वाचतं. वैताग एकच: पेपर बघून बॅक दाबलं की यादी पुन्हा पहिल्यापासून. विसाव्या निकालावरून परत वर फेकलं की संताप होतो.

संदर्भ उतरवून घ्यायची सोय झोटेरोसाठी, म्हणजे संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरसाठी, ठीक. शेजारच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राच्या वाणांवरचं, फुले स्वरूपा वगैरेचं बरंच मराठी लिखाण यात नाही, त्यासाठी अजून प्रत्यक्षच जावं लागतं.

दुसऱ्या कॉलेजांनी करावं का? करावं, पण प्रोग्रामर शोधण्याआधी प्रत्येक विभागाकडून शब्दांची यादी करून घ्या आणि जुन्या मराठी प्रबंधिकांची शीर्षकं युनिकोडमध्ये टाइप करायला माणूस नेमा. आमच्याकडे हे उलट्या क्रमाने झालं, म्हणून पहिलं सत्र वाया गेलं. नवीन पेपरच्या अलर्टवर मात्र विसंबू नका, आमचे अजून स्पॅममध्येच जाऊन पडतात.