मनीची वाटी की मोत्याचा वाडगा?

मनीच्या वाटीत चार दाणे उरले की आमचा मोत्या ती चाटत चाटत फरशीवरून पार फ्रीजखाली ढकलत नेतो. स्वतःचा वाडगा भरलेला असतो तरी! नाक मात्र चुकत नाही त्याचं. मांजराच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी दोन्ही जास्त. अमेरिकेतल्या 'आफ्को' या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषांत प्रौढ मांजराला कोरड्या वजनावर (खाण्यातलं पाणी वगळून) किमान 26 टक्के प्रथिनं, कुत्र्याला 18; चरबी अनुक्रमे 9 आणि 5.5.

धडधाकट कुत्र्याने चोरून घासभर खाल्लं तर सहसा काही होत नाही, फार तर पोट बिघडतं. रोजचंच झालं तर वजन वाढतं, शिवाय स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सारख्या उलट्या, पुढचे पाय टेकून मागचं अंग वर धरणं, असं दिसलं की थेट डॉक्टर. मूत्रपिंड किंवा यकृताचं दुखणं असलेल्याला तर चवीपुरतंही नको.

उलटा प्रकार मला जास्त घातक वाटतो. टॉरिन हे शरीराला लागणारं एक अमिनो आम्ल कुत्र्याचं शरीर सहसा स्वतः बनवतं. मांजराला ते खाण्यातूनच लागतं. नुसत्या डॉगफूडवर ठेवलेल्या मांजराचं हृदय आणि डोळे अधू होऊ शकतात.

मनीची वाटी आता ओट्यावर असते. मोत्या खाली बसून वर बघतो.